बहात्तर तासांचा कागद

उंदीरघरात रात्र सकाळी आठ वाजता व्हायची. भिंतीवरच्या यंत्राने पांढरे दिवे आपोआप विझायचे, एक मिणमिणता लाल दिवा लागायचा, आणि पिंजऱ्यांतली खुडबुड सुरू. उंदीर अंधाराचा प्राणी. खाणं, पिणं, भांडणं, सगळं अंधारात. माणसाची नोकरी मात्र दिवसाची. म्हणून त्या बिचाऱ्यांचा दिवसच उलटा करून ठेवलेला. बावीस वर्षं मामा रोज सकाळी आठला असे रात्रीत शिरत आणि पाचला उजेडात बाहेर पडत. बायको म्हणायची, "तुमचंही घड्याळ कोणीतरी फिरवून ठेवलंय."

मामा काही कोणाच्या आईचे भाऊ नव्हते. संशोधनाला आलेल्या पोरापोरींनी त्यांचं नाव 'उंदीरमामा' पाडलं, आणि पुढे त्यातला उंदीर गळून नुसता मामा उरला. शाळा सातवीपर्यंत. आले ते फरशी पुसायला. मग पिंजरे धुवायला लागले, मग भुसा बदलायला, मग वजनं घ्यायला. होता होता अशी वेळ आली की मामा रजेवर असले तर मोठ्या मॅडम नवा प्रयोगच सुरू करत नसत.

प्रयोग दारूचा होता. एकेका पिंजऱ्यात एकेक उंदीर, आणि प्रत्येकाला दोन बाटल्या. एकीत पाणी, दुसरीत पाणी घातलेलं अल्कोहोल. ज्याला जे हवं ते त्याने प्यावं. रोज बाटल्या तोलायच्या, कोण किती प्यायला ते लिहायचं, आणि डावीची बाटली उजवीकडे करायची. नाहीतर उंदराला बाजूची सवय लागते आणि आपल्याला वाटतं दारूची लागली. एक पिंजरा रिकामा, त्यालाही दोन बाटल्या. नुसती गळती किती होते ते कळायला. नवी पोरं हसायची, "मामा, हा कोण पितो?" मामा म्हणायचे, "तो साधू आहे. त्याच्यामुळे बाकीच्यांचं पाप मोजता येतं."

पलीकडच्या खोलीतलं काम जास्त अवघड. तिथे काचेच्या पेट्यांमधून उंदरांना काही आठवडे दारूची वाफ द्यायची. नाकावाटे चोवीस तास. मग एके दिवशी वाफ बंद करायची आणि बघत बसायचं. सहा तासांनी, दहा तासांनी, चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर. उंदीर हातात घ्यायचा. थरथरतो का, शेपूट काठीसारखी ताठ होते का, हात लावला की किंचाळतो का, झटका येतो का. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. निम्म्या उंदरांना नवं औषध टोचलेलं असायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते गुण देणाऱ्याला माहीत नसायचं. नाहीतर हात मनाला फितूर होतो.

हे गुण मामांइतके अचूक कोणी देत नसे. उंदीर तळहातावर घेतला, अंगठा त्याच्या फासळीवर टेकवला, की डोळ्यांना न दिसणारा थरथराट त्यांना कळायचा. एकदा बाहेरगावचे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर मॅडम म्हणाल्या, "आमच्या मामांच्या बोटांना जे कळतं ते यंत्राला कळत नाही." आणि पुढे म्हणाल्या, "व्यसनाच्या बाबतीत मेंदूचा हा भाग उंदराचा काय आणि माणसाचा काय, फार फरक नाही."

पहिल्या वाक्याने मामा फुलले. दुसरं वाक्य त्यांनी घरी नेलं.

कारण घरी धाकटा होता.

धाकटा भाऊ काचकाम करायचा. खिडक्यांची तावदानं, फोटोंच्या काचा, दुकानांची कपाटं. हिऱ्याच्या टोकाची कातणी काचेवरून एकदा ओढली की काच सांगितल्यासारखी तुटायची. पण हात स्थिर राहायला त्याला सकाळी सकाळी दोन घोट लागायचे. ते दोनाचे चार झाले, चाराचा पाव लिटर झाला. पुढे पुढे प्यायल्याशिवाय कातणी धरता येईना आणि प्यायल्यावर रेघ दिसेना. तळहातावर इतके व्रण की ज्योतिष्याने हात पाहिला असता तर धंदा सोडला असता. त्याची बायको सात वर्षं पदर खोचून उभी राहिली. आठव्या वर्षी मुलीला घेऊन माहेरी गेली. जाताना भांडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "महिनाभर कोरडा राहून दाखव, मी आपल्या पायांनी परत येईन."

तेव्हापासून धाकटा मामांच्या मागच्या खोलीत. गडी गोड. वहिनीला पाणी भरून द्यायचा, मोडलेलं दुरुस्त करायचा, आणि चेष्टा तर नाकावर बसलेली. मामा कामावर निघाले की म्हणायचा, "दादा, तुझ्याकडे एखादा पिंजरा रिकामा असला तर बघ ना. दोन वेळ खाणं, पिणं, वर मॅडम विचारपूस करणार. आणि मी साधूचा पिंजरा मागत नाही."

"तुला ठेवला तर बाटली बदलायला दिवसाला चार माणसं लागतील."

"मग तेवढीच चौघांना नोकरी."

पण मुलगी अकरा वर्षांची झाली, आणि वाढदिवसाला बापाने फोन केला तर तिने तो घेतला नाही. त्या दिवशी धाकट्याने चेष्टा केली नाही. मामांच्या समोर येऊन बसला.

"दादा, तुम्ही उंदरांची सोडवता. माझी सोडव."

"दवाखान्यात जाऊ."

"तिकडे नाही. मागच्या वेळी पलंगाला बांधलं होतं मला. दोन दिवस. मुताला सुद्धा सोडलं नाही. मी मरेन पण तिकडे जाणार नाही. तू कर."

दुसऱ्या दिवशी बाटल्या तोलता तोलता मामांनी मॅडमना विचारलं, "हे नवं औषध माणसाला दिलं तर?"

मॅडमनी मान वर केली. "घरी कोणी आहे का मामा?"

बावीस वर्षं दारूवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात दारुडा. "शेजारी आहे एक," ते म्हणाले.

"शेजाऱ्याला डॉक्टरकडे न्या. साधी औषधं आहेत, रोज वापरतात. आपलं हे माणसाला द्यायला अजून काही वर्षं आहेत." तेवढ्यात कोणीतरी दार वाजवलं आणि मॅडम गेल्या.

मामांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. आपलं औषध मिळणार नाही. मग औषधाविना. मिठाच्या पाण्यावरचे उंदीर नाही का उठत? थरथरतात, पाठीची कमान करतात, दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भुशात तोंड खुपसून पडतात. आणि तिसऱ्या दिवशी मिशा साफ करत बसलेले असतात. एखादा दगावतो, पण तो पहिल्या दिवसात. शेकड्यांनी उंदीर या हातांखालून गेले होते. बहात्तर तास. त्यापुढे कागदावर रकानाच नव्हता.

मामांनी शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. रविवार सुट्टीचाच. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता धाकट्याने शेवटचा पेला घेतला, तो स्वतःच्या हाताने धुऊन उपडा ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. मामांनी खोली आधीच आवरली होती. काचेची एक वस्तू ठेवली नव्हती. कातणी, वस्तरा, पट्टा, सगळं बाहेर. जाड गादी, पाण्याच्या दोन बाटल्या, बादली. खिडकीला कापड. उजेडाचा त्रास होतो हे त्यांना माहीत होतं.

आणि त्यांनी कामावरून गुणांचा एक कोरा कागद आणला होता.

"हे काय?" धाकट्याने विचारलं.

"तुझे गुण मांडायचे."

त्याने कागद वाचला. "थरथर, किंचाळणं, झटका... दादा, शेपटीचा रकाना आहे इथे."

"तो सोडून देऊ."

"सोडू नकोस, शून्य लिही. शाळेत गेलो असतो तर तेवढेच मिळाले असते."

सहा तासांनी थरथर एक. दहा तासांनी दोन. मामा त्याच्या बरगडीवर अंगठा टेकवून बसत. आतून गाडीचं इंजिन चालू असल्यासारखं लागायचं. शुक्रवारी दिवसभर त्याला उलट्या झाल्या, घामाने चादर पिळून काढावी लागली. वहिनी मऊ भात घेऊन आली तर वासानेच त्याने तोंड फिरवलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "अहो, डॉक्टरला बोलवा."

"चोविसावा तास सगळ्यात वाईट असतो," मामा म्हणाले. "यानंतर उतरतं."

"हे भाऊजी आहेत. तुमचे उंदीर नव्हेत."

"मला कळतं त्यातलं."

आणि उतरलं. खरंच उतरलं. शनिवारी संध्याकाळी थरथर दोनाची एक झाली. रात्री तो दोन तास झोपला. रविवारी सकाळी त्याने चहा मागितला, तोही दोन चमचे साखर घालून. दुपारी भात खाल्ला. वहिनीला म्हणाला, "वहिनी, मीठ कमी आहे." तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. रविवारी संध्याकाळी सहाला बहात्तर तास भरले. मामांनी हात हातात घेतला. अगदी बारीक, पानावरून वारा जावा तेवढी थरथर. बाकी सगळे रकाने शून्य. बेरीज एक. इतका चांगला उंदीर त्यांनी क्वचित पाहिला होता.

कागदाची घडी घालत असताना धाकटा म्हणाला, "दादा, नळ चालू राहिलाय का कुठे?"

मामा उठले, मोरी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. "नाही रे. बंद आहेत सगळे."

"मग वरच्यांचा असेल."

"असेल."

उंदीर सांगत नाही त्याला काय ऐकू येतं. म्हणून कागदावर त्याचा रकाना नव्हता, आणि म्हणून मामांनी ते कुठे लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी बायको म्हणाली, "आज राहा ना घरी. रात्रभर जागे होते भाऊजी. दोनदा उठून मोरीत गेले."

"झालं आता. बहात्तर तास होऊन गेले. आता फक्त जिभेवर ताबा ठेवायचा, तो त्याचा त्याने ठेवायचा." मामांनी पायात बूट घातले. नवी तुकडी पेट्यांमधून बाहेर काढायची होती, आणि गुण द्यायला मॅडमना तेच हवे होते. निघताना मागच्या खोलीत डोकावले. धाकटा भिंतीला पाठ टेकून बसला होता. डोळे जरा जास्त उघडे होते. मामा म्हणाले, "जिंकलास." तो हसला, पण मामांकडे बघून नव्हे, त्यांच्या खांद्यामागे कोणी असावं तसा.

उंदीरघरात फोन न्यायला बंदी. कपडे बदलायच्या खोलीत खणात ठेवून जायचं. मामा लाल उजेडात उंदीर हातात घेऊन गुण देत होते तेव्हा खणात फोन वाजत होता.

साडेदहाच्या सुमारास धाकटा खोलीतून बाहेर आला आणि घरातले नळ आवळायला लागला. आवळून आवळून एकाची चावी तोडली. वहिनीने हात धरला तर म्हणाला, "वहिनी, पाणी गुडघ्यापर्यंत आलंय, तू खुर्चीवर चढ." अंग तव्यासारखं तापलेलं. मग तो जिन्यात गेला. एकेक दार ठोठावून लोकांना नळ बंद करायला सांगू लागला. दारू सोडलेल्या माणसाकडे लोक दारुड्यासारखे बघत होते. खालच्या बाईने तर म्हटलं, "सकाळी सकाळी लागला वाटतं." दुसऱ्या मजल्यावर त्याने पायरीखाली वाकून पाहिलं, पाण्यात कोणी बुडत असल्यासारखा हात पुढे केला, मुलीला हाक मारली आणि तिथेच त्याचं अंग ताठ झालं. डोकं कठड्यावर आपटलं. झटका थांबतो न थांबतो तोच दुसरा आला.

मामा एक वाजता जेवायला बाहेर आले तेव्हा फोनवर बायकोचे चौदा कॉल होते.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. दोन रात्रींचा जागा असावा. त्याने विचारलं, "किती दिवसांपूर्वी बंद केली?"

"गुरुवारी. संध्याकाळी सहा."

"एकदम?"

"एकदम."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

डॉक्टरने वर पाहिलं नाही, लिहीत राहिला. "रोज एवढी पिणाऱ्याची अशी तोडायची नसते. हळूहळू उतरवायची, गोळ्या द्यायच्या, आठवडाभर नजरेखाली ठेवायचं. पहिल्या दिवशी आणलं असतं तर बहुतेक चालत घरी गेला असता." तो वाईट बोलला नाही. नुसतं सांगितलं. त्याने दोष दिला असता तर मामांना भांडता तरी आलं असतं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता धाकटा गेला. शुद्धीवर आला नाही.

कामावर मामा आठवड्याने गेले. मॅडमच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "तो शेजारी नव्हता. भाऊ होता." मग सगळं सांगितलं, कागदासकट. कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. शेपटीच्या रकान्यात ओळीने शून्यं. बहात्तराव्या तासाच्या एकाजवळ त्यांचं बोट थांबलं.

"मामा," त्या म्हणाल्या, "उंदराचं तीन दिवसांत आटपतं. माणसाचं खरं वादळ कधी कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतं. मधे थोडं शांत वाटतं. हे मी दर वर्षी पोरांना वर्गात शिकवते. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"मी त्या वर्गात कुठे होतो?"

"तेच म्हणतेय. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात."

त्यांनी मामांना दुसऱ्या खोलीत काम देऊ केलं, पिल्लांच्या. मामांनी घेतलं. वाफेच्या खोलीतल्या पोराने एकदा उंदीर हातात धरून विचारलं, "मामा, जरा बघता का, एक देऊ की दोन?" मामा म्हणाले, "मला विचारू नकोस," आणि भुशाचं पोतं उचलून निघून गेले.

महिन्याभराने भावजय आली. मुलीला घेऊन. धाकट्याच्या चार वस्तू न्यायला. जिन्यात खालची बाई भेटली असावी, कारण दारातच भावजय मुलीला दबल्या आवाजात सांगत होती, "काही विचारायचं नाही. दारू पिऊन गेले. सगळ्यांना माहीत आहे, तुला पण माहीत आहे."

मामा आत बसले होते. त्यांनी ते ऐकलं. दवाखान्याच्या दाखल्यावरही दारूचंच काहीतरी लिहिलेलं होतं, आणि तेवढ्यावर सगळं झाकून गेलं असतं. गल्लीत, नात्यात कोणी वेगळं विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हतं. बायकोने पाण्याचे पेले आणून ठेवले. मामांकडे पाहिलं. तिला कळलं की नवरा आता बोलणार, आणि तिने त्यांना अडवलं नाही.

"पिऊन नाही गेला," मामा म्हणाले. "सोडताना गेला."

भावजयीच्या हातात धाकट्याची कातणी होती. ती तशीच राहिली.

"म्हणजे?"

"गुरुवारी सोडली. मंगळवारी गेला तेव्हा एकशे दहा तास झाले होते. एक थेंब नव्हता पोटात. हिच्यासाठी सोडली त्याने." त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "डॉक्टर लागतो त्याला. मी नेलं नाही. मला वाटलं घरी होईल. कोंडून बसवलं आणि मोजत बसलो. वेळेवर नेलं असतं तर आज इथे बसला असता."

बाहेर कोणीतरी सायकल जिन्यावरून खाली उतरवत होतं. एकेका पायरीवर तिचा धडधड आवाज येत होता.

"महिनाभर मी त्यांना शिव्या घालतेय," भावजय म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "मेलेल्या माणसाला. दादा, मला तेव्हाच एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तोंड नव्हतं."

"आणि आता कुठून आलं?"

मामांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

मुलगी इतका वेळ आईच्या मागे उभी होती. ती पुढे आली. बापाचं नाक, बापाची हनुवटी. तिने विचारलं, "काका, तुम्ही तर तेच काम करता ना? मग तुम्हाला कसं कळलं नाही?"

"मला वाटलं, मला कळतं," मामा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते पुरलं की नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि मामांच्या बोटांचाही इथे काही उपयोग नव्हता. भावजयीने कातणी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली, त्याचे दोन सदरे टाकले, पिशवीचं तोंड बांधलं. पाण्याला हात लावला नाही. दारापर्यंत गेली आणि मागे वळून न बघता म्हणाली, "त्या पाच दिवसांत ते काय काय बोलले, ते सगळं लिहून पाठवा. हिला वाचता येतं."

मामा त्याच दुपारी लिहायला बसले. 'वहिनी, मीठ कमी आहे' इथपर्यंत आले. पुढचं वाक्य नळाचं होतं, आणि तिथे त्यांचा हात थांबला.